पंचनामाकाकांच्या गाडीचा पोचा

गाडीला पडलेला पोचा नुसता बघून ठोकणाऱ्याची कुंडली मांडता येते, असा पंचनामाकाकांचा दावा होता. माणूस घाईत होता, पेंगत होता की बायकोशी भांडून घराबाहेर पडला होता, सगळं म्हणे पत्र्यावर उमटतं. काकांनी उभा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात घालवला होता. त्यामुळे हा दावा खोडून काढायला इमारतीत कुणी धजावत नसे. खरं म्हणजे तेवढा वेळ थांबून ऐकणारंच कुणी नव्हतं.

काकू गेल्यापासून काकांची गाडीही निवृत्तच झाली होती. जायचं कुठे आणि कुणाबरोबर? तरी रोज सकाळी काका फडकं घेऊन खाली उतरत, गाडी पुसत, बॅटरी मरू नये म्हणून इंजिन चालू करत आणि तसेच बसून राहत. शेजारची सीट पुढे सरकवलेली होती, अगदी डॅशबोर्डाला गुडघे टेकतील इतकी. काकू ठेंगण्या होत्या. रस्ता जवळून दिसला पाहिजे असा त्यांचा हट्ट असे. त्या सीटला काका कुणाला हात लावू देत नसत. थोडा वेळ बसून झालं की इंजिन बंद करायचं आणि जिना चढायचा. रविवारी मुलीचा फोन येई. "बाबा, जेवलात का?" "जेवलो." संपला आठवडा.

अशाच एका सकाळी काका फडकं घेऊन खाली आले आणि त्यांना डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर पोचा दिसला. चांगला वाटीएवढा, वर पांढरट पट्टा.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. तो फार टिकला नाही. पाठोपाठ जे वाटलं ते सांगायला त्यांना स्वतःलाही लाज वाटली असती. त्यांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांना काम मिळालं होतं.

टेप आला, खडू आला, भिंग आलं. काका गुडघ्यावर बसले. सोसायटीचे सेक्रेटरी दूध घेऊन परतत होते, ते थांबले.

"साहेब, काही हरवलं का?"

"हरवलं नाही, सापडलंय. हा बघा पांढरा रंग. ठोकणारी गाडी पांढरी. माणूस उतावळा, स्वभावाने भित्रा. ठोकून पळाला."

"आतून जरा दाबलं तर निघेल हो ते."

"पुराव्याला हात लावायचा नाही," काका म्हणाले. त्यांनी तो पांढरा रंग खरवडून औषधाच्या रिकाम्या डबीत भरला.

इमारतीत पांढरी गाडी एकच, पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंची. काका पुराव्यासह त्यांच्या दवाखान्यात हजर झाले. बसायला पेशंटची खुर्ची तेवढी रिकामी होती. काका तिच्यात बसले, खुर्ची आपोआप मागे कलली, आणि ते छताकडे बघत चौकशी करू लागले.

"काल संध्याकाळी आपण गाडी कशी लावलीत? सरळ की रिव्हर्समध्ये?"

"काका, बोलत राहा, पण तोंड जरा मोठं उघडा," बाई म्हणाल्या. त्यांनी दिवा खाली ओढला होता. "ही दाढ कधीपासून अशी आहे?"

"आढ आऊ ए," काका म्हणाले. तोंडात आरसा असताना याहून स्पष्ट बोलणं कुणालाही जमलेलं नाही.

पाऊण तासाने काका बाहेर आले ते दाढेत सिमेंट भरून. तपास होता तिथेच होता. फक्त एक गोष्ट कळली. बाईंची गाडी आठवडाभर सर्व्हिसिंगला गेली होती. पण काका खट्टू झाले नाहीत. कुणीतरी त्यांच्याकडे इतक्या जवळून आणि इतका वेळ बघितल्याला युग लोटलं होतं.

तळमजल्यावरच्या बेकरीवाल्याची व्हॅन निळी होती, म्हणजे तो संशयातून साफ सुटला. त्यामुळे तपासाची कचेरी काकांनी त्याच्याच घरी थाटली. बेकरीवाला रात्रभर भट्टीपाशी असे, पहाटे व्हॅन घेऊन परते आणि दुपारपर्यंत झोपे. संध्याकाळी तो उठला की काका हजर. बेकरीवाल्याची बायको चहा ठेवी, बशीत टोस्ट ठेवी आणि समोर बसून ऐके.

"आता बघा," काका सांगत, "बाहेरची गाडी आत शिरली, असं धरू."

"काका, मी काय म्हणतो," बेकरीवाला मान खाली घालून म्हणे.

"थांब रे, मला पुरतं मांडू दे. गाडी शिरली. पांढरी."

"काका, पण ती पहाटे—"

"पहाटे? संध्याकाळी! पत्र्यावर लिहिलंय तसं. तू आपला टोस्ट खा."

बिचारा टोस्ट खाई. तो घशाखाली उतरत नसे हे दिसत होतं, पण काकांचं लक्ष पत्र्यावर. रोज वाफाळता चहा आणि वर "उद्या या हं" असं निरोपाचं वाक्य. त्या वाक्यापायी काकांनी आणखी दहा संशयित उभे केले असते.

शेवटी रविवारी काकांनी सगळ्यांना खाली बोलावलं. त्या संध्याकाळी जो जिथे होता त्याने तिथे आपली गाडी लावायची, मग ठोकर कशी बसली ते काका करून दाखवणार. नेमका तेव्हाच मुलीचा फोन आला. "तपासात आहे, मग बोलू," म्हणून काकांनी तो ठेवला. असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं होतं. इकडे सेक्रेटरींनी स्कूटर मागे घेतली ती कुंड्यांच्या रांगेवर गेली, आणि सेक्रेटरी मातीत बसले. त्यांनी उठायच्या आधी काकांना बजावलं, की याचा पंचनामा करायचा नाही.

एवढ्यात बेकरीवाल्याच्या बायकोने काकांच्या हातातली डबी घेतली. तिने बोट बुडवलं, चिमूट चोळून बघितली, जिभेवर ठेवली.

"मैदा आहे हा," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघत म्हणाली, "आणि आपलाच आहे."

सगळ्यांनी व्हॅनकडे बघितलं. तिच्या मागच्या बंपरला रबर लावलेलं होतं, आणि रोज पोती चढवून-उतरवून त्या रबरावर मैद्याचा थर बसलेला होता.

"काका, मीच ठोकली," बेकरीवाला म्हणाला. तो रडवेला झाला होता. "पहाटे झोप अनावर झाली होती. पहिल्या दिवसापासून सांगायला बघतोय, तुम्ही बोलूच देत नव्हता."

काकांचा चेहरा उतरला. गुन्हेगार सापडला की पंचनामा संपतो. पंचनामा संपला की जिना चढायचा, कुलूप उघडायचं आणि रविवारची वाट बघायची.

"शक्य नाही," काका म्हणाले. "मैदा काय, कुणाच्याही घरात असतो."

"अहो, मी कबूल करतोय ना!"

"तुझ्या कबुलीला काय अर्थ आहे? तू झोपेत होतास म्हणतोस. तपास चालू राहील."

पण तपासाला आता कुणी उरलं नव्हतं. सेक्रेटरी पँट झटकत वर गेले, बाकीचे हसत पांगले. पोचा काढून देतोच म्हणून बेकरीवाला मात्र हटून बसला. त्याच्या ओळखीचा गॅरेजवाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने काकांकडून जवळजवळ हिसकावूनच किल्ली घेतली.

गाडी नव्हती त्या सकाळीही काका फडकं घेऊन खाली उतरले. सवय. जमिनीवर तेलाचा एक डाग तेवढा होता. त्याच्या शेजारी उभं राहून ते फडक्याची घडी करत राहिले, उलगडत राहिले. संध्याकाळी बेकरीवाल्याच्या दारावरून जाताना ते थबकले. पण आता आत जाऊन सांगायचं काय? ते तसेच वर गेले.

गाडी परत आली ती नव्यासारखी होऊन. बेकरीवाला आणि त्याची बायको दोघं तिच्याशेजारी उभी होती. डॉक्टरीणबाईही दवाखाना बंद करून जाता जाता थांबल्या.

"हात फिरवून बघा काका," बेकरीवाला म्हणाला. "पोचा कुठे होता ते तुम्हीही सांगू शकणार नाही."

काकांनी हात फिरवला. दार गुळगुळीत होतं. त्यांनी ते उघडलं, आणि तिथेच थांबले.

सीट मागे होती. दाराचं अस्तर काढायला जागा हवी, म्हणून गॅरेजवाल्याने ती पार मागे सरकवली होती.

"काय झालं काका?"

"काही नाही," काका म्हणाले. मग म्हणाले, "ही इथे नव्हती. पुढे होती. ती पुढे घ्यायची." त्यांनी खिशातला टेप काढला, सीटला लावला, आणि तो हातातच राहिला. जगातल्या सगळ्या पोच्यांची मापं घेतली होती त्यांनी. हे माप कधी घेतलं नव्हतं. घ्यावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

बेकरीवाला वाकून सीटखालचा दांडा शोधू लागला. त्याची बायको मात्र डॉक्टरीणबाईंकडे बघत होती.

"काकू तुमच्याएवढ्याच होत्या," ती म्हणाली. "बसा हो जरा आत."

डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटासकट आत बसल्या. त्यांनी दांडा उचलून सीट पुढे घेतली. "इथे?"

"अजून पुढे."

"आता?"

"अजून."

"काका, गुडघे टेकले माझे."

"बस," काका म्हणाले. "तिथेच. तिचेही टेकायचे."

डॉक्टरीणबाई समोर बघत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "इथून रस्ता छान दिसतो हो. आता बसलेच आहे, तर मेडिकलपर्यंत सोडा मला. कापूस संपलाय."

"मी?" काका म्हणाले.

"मग कोण? गाडी कुणाची आहे?"

बेकरीवाल्याची बायको मागच्या सीटवर बसलीही. बेकरीवाला तिच्याशेजारी शिरला. मागे बघायला कुणीतरी हवं, असं त्याचं म्हणणं पडलं. काका स्टिअरिंगवर बसले. आरसा नीट केला, रिव्हर्स टाकला, डाव्या हाताला एकदा बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि गाडी मागे घेतली.

धाड्.

मागे बेकरीवाल्याची व्हॅन होती. मागे बघायला बसलेला माणूस पुढे बघून गप्पा मारत होता.

सगळे उतरले. आवाज ऐकून सेक्रेटरी गॅलरीत आले. "आता कुणी ठोकली?" त्यांनी वरून विचारलं.

काका मागच्या दिव्याखालच्या ताज्या पोच्यापाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी भिंग काढलं, पोचा नीट बघितला, बोटाने मैदा पुसला.

"चालवणारा म्हातारा आहे," ते वर बघून म्हणाले. "हात बसलेला नाही. मागे बघायचं सोडून सारखा शेजारच्या सीटकडे बघत होता."

"एवढं सगळं कळतं त्यावरून?"

"आणखीही कळतं," काका म्हणाले. "गाडीत एकटा नव्हता."

मग भिंग खिशात घालून ते उठले, कारण मेडिकल बंद व्हायची वेळ झाली होती.