अण्णासाहेबांचे जपानी दिवस

परक्या संस्कृतीचा आदर करणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे. स्वतःच्या संस्कृतीचा आदर करायला वेळ लागतो, आणि दुबईत वेळ कुणालाच नसतो. म्हणून दुबई मरीनातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा 'जपान संस्कृती दिन' साजरा केला. मी मंडळाचा चिटणीस आहे, तेव्हा हे जबाबदारीने लिहितो आहे.

जपानच का, असं काही सभासदांनी विचारलं. (विचारणाऱ्यांना ताबडतोब समितीवर घेण्यात आलं. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.) कारण साधं आहे. गेल्या वर्षी आम्ही 'मराठी संस्कृती दिन' केला, तेव्हा पुरणपोळी दुधाशी खायची की तुपाशी, यावरून मंडळाचे दोन तुकडे झाले. दूधवाले शारजाला गेले आणि त्यांनी वेगळं मंडळ काढलं. जपानी संस्कृतीत हा धोका नाही, कारण तिच्यातली चूक काढू शकेल असं आमच्यात कुणीच नाही. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एक जपानी गृहस्थ नोकरीला आहेत असं कळलं होतं. पण ते आले तर सुधारणा सुचवतील, म्हणून त्यांना बोलावलं नाही.

आमचे तज्ज्ञ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष शैलेंद्र. दुबईच्या देरा भागात त्यांचं ट्रेडिंगचं ऑफिस आहे, आणि एकदा विमान चुकल्यामुळे ते टोकियोच्या विमानतळावर एक रात्र राहिलेले आहेत. पूर्वतयारीच्या सभेत त्यांनी व्याख्यान दिलं.

"हबीबी, जपानी लोक घरात शिरताना चपला बाहेर काढतात," ते म्हणाले, आणि सभेत कौतुकाची कुजबुज झाली. (सभा माझ्या घरी होती. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर होत्या.) "घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे ते वाकतात."

"वॉव," बायका म्हणाल्या.

"आणि मोठ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी देतात."

इथे एका बाईंचे डोळे भरून आले. उपस्थितांपैकी नव्वद टक्के लोक हे सगळं प्रथमच ऐकत होते. उरलेले दहा टक्के अजून खाली पार्किंग शोधत होते.

कार्यक्रम ठरला. कागदाचे बगळे, चहापान, 'ज्येष्ठ सन्मान' आणि शेवटी सुशी (त्या दिवशी संकष्टी आल्यामुळे वरीच्या तांदळाची). सन्मानासाठी एक ज्येष्ठ लागणार होता, तोही खरा. समितीप्रमुख पर्णिका म्हणाली, "आमच्याकडे आहेत ना एक. आमचे अण्णा. तसेही दिवसभर रिकामेच बसलेले असतात."

अण्णासाहेब हे पर्णिकाचे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, आणि वाईहून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आलेले. एकतिसाव्या मजल्याच्या बाल्कनीत बसून ते खालच्या नौका बघत. त्यांची इच्छा एकच होती. नऊ वर्षांच्या नातीला, दियाला, एक गोष्ट सांगायची होती. धरणाचं पाणी पहिल्यांदा कालव्यात सुटलं, तेव्हा ते तरुण होते आणि पाण्याच्या पुढे सायकल हाणत गावोगाव वर्दी द्यायला गेले होते, ती गोष्ट.

"दिया, बस गं जरा."

"आजोबा, लेटर."

मग ते सिद्धार्थकडे, म्हणजे मुलाकडे बघत. "अण्णा, कॉल चालू आहे," सिद्धार्थ म्हणे. तो खोटं बोलत नसे. त्याचा कॉल नेहमीच चालू असे.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णासाहेबांना किमोनो म्हणून देऱ्याच्या बाजारातून आणलेला रेशमी झगा घालण्यात आला. त्याच्या पाठीवर ड्रॅगन होता. (ड्रॅगन चिनी असतो, असं एका सभासदाने निदर्शनास आणून दिलं. त्याला पार्किंगची व्यवस्था बघायला पाठवलं.) सिद्धार्थ कमरेत वाकला. लग्नानंतर तो वडिलांपुढे प्रथमच वाकत होता. पर्णिकाने दोन्ही हातांनी चहा दिला. दिया गुडघे मुडपून समोर बसली. शैलेंद्र यांनी नियम जाहीर केला, की ज्येष्ठ बोलतील, बाकीचे ऐकतील, आणि कुणीही फोनकडे बघणार नाही.

अण्णासाहेबांनी चहाचा एक घोट घेतला आणि गोष्ट सुरू केली.

सगळ्यांना वाटलं, ही जपानी बोधकथाच आहे. पाणी मागून येतंय, सायकलची चेन पडली, एका वळणावर बघतात तर कोरड्या कालव्यात, काठाच्या सावलीत, लग्नाचं अख्खं वऱ्हाड जेवायला बसलेलं. इतक्यात शैलेंद्र यांनी माईक घेतला. "खलास! यल्ला, चला, सुशी तयार आहे!"

वऱ्हाड कालव्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब नाश्त्याला झगा घालून आले. पर्णिकाला काय करावं कळेना, म्हणून तिने दोन्ही हातांनी उपमा दिला. दिया कालच्यासारखी गुडघे मुडपून बसली. "आजोबा, देन व्हॉट हॅपन्ड?"

"होणार काय! मी ओरडलो, उठा, पाणी येतंय! तर नवरीचा बाप म्हणतो, थांबा, अजून जिलेबी वाढायची आहे."

सिद्धार्थने लॅपटॉप मिटला. जपानी संस्कृतीपुढे त्याचा नाइलाज होता.

अण्णासाहेब चतुर माणूस. त्यांनी गोष्ट आवरती घेतली नाही. एके दिवशी जिलेबी झाली, दुसऱ्या दिवशी मठ्ठा, मग व्याही रुसले, त्यांची समजूत काढण्यात एक आठवडा गेला. पाणी मागून येतच होतं. मध्ये एकदा झगा धुवायला टाकला होता, तेव्हा ते शर्ट-पायजम्यावर नाश्त्याला आले. त्या दिवशी कॉल चालू होता.

ही बातमी टॉवरभर पसरली. झग्यासाठी पहिला अर्ज टॉवरमधल्याच कुंदाआजींचा आला, मग ओळच लागली. मंडळाने रीतसर नियमावली केली. सन्मान झग्यातच मिळेल. एका झग्यात एकच ज्येष्ठ. गुडघेदुखीविषयी बोलायचं असल्यास ज्येष्ठाने भारतीय राहावं. दोन महिन्यांत आमच्या टॉवरमधले सात ज्येष्ठ जपानी झाले. पैकी चौघांची झोपेची गोळी सुटली, आणि एका आजोबांना स्वतःच्या नातवाचं नाव पाठ झालं.

व्हिसा मात्र कुठल्याही संस्कृतीत संपतोच. अण्णासाहेब निघाले, तेव्हा मंडळातर्फे पुष्पगुच्छ द्यायला मी विमानतळावर गेलो होतो. ते साध्या शर्टात होते. बॅग नुकतीच पट्ट्यावरून आत गेली होती, आणि झगा बॅगेत होता.

त्यांनी दियाला जवळ बोलावलं. "बस. आज शेवट सांगतो. पाणी वळणावर आलं, आणि..."

दियाने त्यांच्या शर्टाकडे नीट बघितलं. "बट आजोबा, टुडे यू आर नॉट जॅपनीज," ती म्हणाली आणि तिने हेडफोन लावले. ती उद्धट मुलगी नाही. तिला नियम माहीत होता, आणि नियम आम्हीच केला होता.

"अण्णा, यल्ला, लाईन वाढतेय," सिद्धार्थ फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

अण्णासाहेबांनी पट्ट्याकडे एकदा बघितलं, पुष्पगुच्छ सिद्धार्थच्याच हातात दिला, दोन्ही हातांनी, आणि आत गेले. मला फार वाईट वाटलं. पण कार्यक्रमपत्रिकेत तशी तरतूद नव्हती.

मंडळाने हा उपक्रम यशस्वी ठरवला आहे. पुढच्या वर्षी कोरिया आहे.

त्या वऱ्हाडाचं पुढे काय झालं, असं वाचकांना वाटत असेल. मला ठाऊक नाही. वाईला एक म्हातारा माणूस आहे, त्याला ठाऊक आहे. तुमच्याही घरी अशीच एक गोष्ट अर्धी राहिलेली असणार, आणि ती सांगणारा शर्ट-पायजम्यात असणार, म्हणून तुमचाही कॉल चालू असणार. मंडळाकडे तीन झगे शिल्लक आहेत. हवा असल्यास वडिलांचं माप कळवावं. माप माहीत नसेल, तर त्यांनाच फोन करून विचारावं. तेवढंच बोलणं होईल.