झेंड्याचं पुढे काय झालं?

"इतिहास ना? तो तर माझ्या डाव्या हाताचा मळ!" असं नववीतल्या भोंगानं वर्गात जाहीर केलं, तेव्हा तिचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत गेला. नाव काही उगाच पडलं नव्हतं! त्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

देशाच्या पंचाहत्तरीनिमित्त गावचं संग्रहालय म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून आपल्या हॉलमध्ये सगळ्या गावाला ऐकवणार होतं. भोंगाच्या वाट्याला शेजारचे शिंपी आजोबा आले. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी चौकात चढवायचा झेंडा त्यांच्या वडिलांनी शिवला होता. आणि तो पोचवायला निघालेलं आठ वर्षांचं पोर म्हणजे हेच आजोबा!

"वाटेत काय घडलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही गं," आजोबा म्हणाले. "घरात तोंड उघडलं की सून म्हणते, बाबा, आधी गोळी घ्या. मुलगा म्हणतो, नंतर बोलू. आता हॉलमध्ये लावलं की बसतील मुकाट ऐकत!"

मुलाखत झकास झाली. निदान भोंगाला तरी तसंच वाटलं.

"सगळं पुन्हा ऐकून घेतलंस ना?" संग्रहालयाच्या बाईंनी विचारलं.

"शब्द न् शब्द!" भोंगानं ठोकून दिलं.

कार्यक्रमाला हॉल खच्चून भरला. कडक इस्त्रीच्या सदऱ्यात आजोबा पहिल्या रांगेत, शेजारी मुलगा, सून, नातवंडं. बाईंनी बटण दाबलं.

"आजोबा, तुम्हाला किती अभिमान वाटला असेल ना!" स्पीकरमधून भोंगा कडाडली.

"अगं, त्या दिवशी मी—"

"मला तर नुसत्या विचारानंच काटा येतो! बघा, बघा माझा हात!"

"हं. तर झेंडा घेऊन मी पुलापाशी—"

"तो पूल! तिथे आमची सहल गेली होती! मी पाण्यात पडता पडता वाचले!"

हॉलमध्ये खसखस पिकली. भोंगा खुर्चीत अशी घसरली की वर नुसती रिबीन उरली. स्पीकरमधली भोंगा मात्र उतारावर ब्रेक सुटलेल्या ट्रकसारखी सुसाट! सहल संपली, वक्तृत्वाचं बक्षीस आलं, मैत्रिणीशी झालेलं भांडणसुद्धा आलं! शेवटी आजोबा घाईघाईनं म्हणाले, "आणि त्या माणसानं माझ्या हातातून झेंडा हिसकावला, आणि—"

"अय्या, बॅटरी संपत आली! धन्यवाद, आजोबा!"

लोक पोट धरधरून हसले. आजोबाही हसले. पण हसता हसता त्यांनी सदऱ्याची सरळच असलेली बाही पुन्हा सरळ केली, आणि भोंगाला ते नेमकं दिसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माफी मागायला गेली. आजोबांच्या दारात चपलांचा ढीग! आत सगळं घर, अर्धी गल्ली आणि संग्रहालयाच्या बाईसुद्धा. सुनेच्या हातात फोन, रेकॉर्डिंग चालू.

"हिसकावला! मग पुढे काय झालं, बाबा?" मुलगा विचारत होता. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"आजोबा, मला माफ—" भोंगानं तोंड उघडलं.

"श्श!" सून गर्रकन वळली. "बाबा बोलतायत. बस तिथंच, दारात!"

भोंगा चपलांशेजारी अंग चोरून बसली. पुढे बसलेल्यांच्या पाठींआडून तिला निम्मंच ऐकू आलं. त्या माणसानं झेंडा का हिसकावला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एकट्या भोंगाला मात्र अजून कळलेलं नाही.

आता विचारणार तरी कुठल्या तोंडानं!