राहतं की पडीक?

धोंडोपंत कारकून पडलेल्या घरात शिरण्याआधी दार वाजवत. दार नसलं तर चौकट, आणि चौकटही नसली तर हवेतच बोटाने टकटक. "कोण आहे का घरात?" असं विचारून ते कान देऊन उभे राहत आणि मग "आलो, आलो" म्हणत वहाणा काढून आत शिरत. आत म्हणजे कुठे? वर आभाळ, खाली चिखल. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आतून कोणी 'या' म्हटल्याखेरीज हा माणूस 'आलो' म्हणत नाही. तेव्हापासून माझं हसू आटलं.

उरणकडच्या आमच्या किनाऱ्यावर तुफान येऊन गेलं होतं. गावात नुकत्याच गांधीटोप्या दिसू लागल्या होत्या, पण भरपाई सरकारचीच घ्यायची होती. ती कोणाला द्यायची ते ठरवायला कचेरीतून धोंडोपंत आले आणि शाळामास्तर म्हणून पंच व्हायची बला माझ्या गळ्यात पडली. हुकूम असा, की राहतं घर पडलं असेल तर भरपाई, पडीक घराला छदाम नाही. कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही, चूल डोळ्यांनी पाहायची. कारण तुफानानंतर गावातलं प्रत्येक खिंडार 'राहतं' झालं होतं. पाटलांनी तर आजोबांच्या वेळचा मोडका गोठाही राहता म्हणून दाखवला!

धोंडोपंत थेट चुलीच्या दगडांवर तळवा ठेवत आणि डोळे मिटत. मग म्हणत "राहतं", नाही तर "पडीक". निकाल कधी चुकला नाही. ही खोड इतकी वाढली, की माझ्याकडे चहाला आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमचं माजघर पडीक दिसतंय. वहिनी माहेरी?" ती खरोखरच माहेरी गेली होती.

"हात लावून कळतं काय हो?" मी एकदा विचारलं.

"ऊब," ते म्हणाले.

महिनाभर खाऱ्या पाण्यात भिजलेले दगड! मी चोरून हात लावून पाहिला. गारठलेले होते.

शेवटी राहिली हिरा कोळीण. नवरा होडीसकट गेलेला, आणि घर होतं तिथे नुसती सपाट वाळू. चूल नाही, जोतंही नाही. चूल नाही म्हणजे 'राहतं' लिहायची सोय नाही, आणि भरपाई नाही म्हणजे पावसाळ्यात तिच्या डोक्यावर छप्पर नाही.

धोंडोपंतांनी हवेत टकटक केली, कान दिला. मग हिराला म्हणाले, "बाय, तू हो पुढे."

"घरच न्हाय तं भितर कशी जाऊ?"

"रोज जात होतीस तशी."

ती पदर सावरून चालू लागली. भर दुपार होती, वारा पडला होता. एका जागी ती एकाएकी कमरेत वाकली, पाय उंच उचलून पलीकडे टाकला आणि सरळ झाली. कोळीवाड्यातली दारं ठेंगणी, आणि भरतीचं पाणी शिरू नये म्हणून उंबरे उंच. आपण वाकलो, हे तिला कळलंही नव्हतं.

धोंडोपंत त्याच जागी वाकले, पाय उचलून आत गेले आणि म्हणाले, "लिहा मास्तर. राहतं." मीही वाकूनच आत गेलो. न वाकण्याची हिंमत झाली नाही.

एका कागदावर सही राहिली म्हणून पुढच्या आठवड्यात मी उरणला गेलो. धोंडोपंत बाजारात भेटले, तसे आम्ही त्यांच्या बिऱ्हाडी आलो. त्यांनी चावी लावून कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि उघड्या दारावर टकटक केली. "कोण आहे का घरात?"

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. 'आलो' काही म्हणेनात.

"बायको तापाच्या साथीत गेली," ते ओशाळून म्हणाले. "तेव्हापासून खानावळीत जेवतो. लोकांच्या खिंडारांतून आवाज येतो हो, मास्तर. इथून येत नाही. आपल्या नियमाने हे पडीकच."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारून आत गेलो. चूल सारवलेली, काजळीचा ठिपका नाही. मी तिच्यावर तळवा ठेवला. गार होती.

"या, धोंडोपंत," मी आतून म्हणालो.

बाहेर वहाणा काढल्याचा आवाज आला.

"आलो, आलो."