पाला न बांधलेले कॅडेट

अकरा कॅडेट तीस कसे दाखवायचे, या प्रश्नाने मेजरसाहेबांची झोप उडाली होती. विद्यापीठात तरुणांना सैन्यात अधिकारी होण्याचं शिक्षण देणारा वर्ग ते चालवत. वर्गात किमान तीस जण हवेत, नाहीतर वर्ग बंद, असा वरून हुकूम आला होता आणि तपासणीला खुद्द ब्रिगेडियरसाहेब येणार होते. वर्ग बंद झाला की मेजरसाहेबांची रवानगी ब्लँकेटांच्या गोदामात होणार, हे ठरलेलं होतं. कुलगुरू तर टपूनच बसले होते. वर्गाच्या खोलीत त्यांना झेरॉक्सची मशिनं ठेवायची होती. मेजरसाहेबांचा मात्र या अकरा पोरांवर जीव होता. ब्लँकेटांवर तो जडेल असं त्यांना वाटत नव्हतं.

शेवटी त्यांनी डोकं चालवलं. अकरा जण रांगेत उभे केले तर लहान मूलही मोजेल. पण तेच अंगाला पाला बांधून बागेत लपवले आणि शिट्टी होताच चारी बाजूंनी उठून इकडून तिकडे धावत सुटले, तर भलाभला मोजणारा चक्रावेल. तपासणीच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना झुडपांत बसवलं आणि बजावलं, "शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. मी हाक मारली तरी नाही. शत्रू आवाजाची नक्कल करतो."

एवढं बोलून त्यांनी खिशात हात घातला. खिशात रुमाल होता, शिट्टी नव्हती. त्यांनी घाईघाईने घरी फोन लावला.

"अगं, माझी शिट्टी कुठंय?"

"कालच्या पँटच्या खिशात असेल," बायको म्हणाली.

"आणि पँट?"

"मशीनमध्ये. धुणं लावलंय."

"मग काढ आणि लगेच पाठवून दे."

"कशी काढू? धुणं संपेपर्यंत दारच उघडत नाही त्याचं. काचेतून दिसतेय बघा तुमची शिट्टी. छान फिरतेय."

"मशीन बंद कर."

"बंद केलं तरी नाही उघडत, आत पाणी आहे. तुम्ही तोंडाने वाजवा ना."

मेजरसाहेबांनी तोंडाने वाजवून पाहिली. नुसतीच हवा निघाली. मग ते जवळच्या झुडपापाशी वाकून हळूच म्हणाले, "बेत बदललाय. बाहेर या."

झुडूप आणखी खाली दबलं.

"अरे, मी मेजर बोलतोय."

"शत्रू असंच म्हणेल, असं सरांनी शिकवलंय," झुडूप म्हणालं.

"ते मीच शिकवलं ना."

"शत्रू हेही म्हणेल."

मेजरसाहेब संतापले आणि त्याच क्षणी त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. दोन्ही एकदम झाल्यामुळे पुढे काय करावं ते त्यांना कळेना. दुसऱ्या झुडपाची त्यांनी विनवणी केली, तिसऱ्याला दम भरला, चौथ्याला गदागदा हलवलं. ते चौथं खरंच झुडूप निघालं. तेवढ्यात माळ्याने येऊन नळीने सगळीकडे पाणी मारलं. दोन झुडपं शिंकली, पण जागचं कुणी हललं नाही.

आणि ब्रिगेडियरसाहेबांची गाडी ठरल्या वेळेच्या आधीच दारात आली. स्वागताला कुलगुरू नव्हते. ते परगावी गेलेत, असा त्यांच्या ऑफिसातून निरोप होता.

"कुठे आहेत तुमचे कॅडेट, मेजर?"

"इथेच आहेत सर."

"मला तर एकही दिसत नाही."

"तेच प्रात्यक्षिक आहे सर."

"अस्सं. किती आहेत?"

मेजरसाहेब आजवर वरिष्ठांशी कधी खोटं बोलले नव्हते. "शिट्टी झाली की दिसतीलच सर," ते म्हणाले.

"मग वाजवा की."

"शिट्टी धुवायला गेलीय सर."

"शिट्टी कोण धुतं, मेजर?" असं म्हणत ब्रिगेडियरसाहेबांनी स्वतःची शिट्टी काढली आणि अशी फुंकली की झाडावरचे कावळे उडाले. पाला बांधलेले अकरा जण उठून पळणार, तोच ब्रिगेडियरसाहेब गरजले, "कुणी पळायचं नाही. असाल तिथून या आणि एका रांगेत उभे राहा."

मेजरसाहेबांनी डोळे मिटले. गोदाम, ब्लँकेटं, डांबराच्या गोळ्या, सगळं त्यांना दिसायला लागलं.

पण आज्ञा फक्त अकरा जणांनी ऐकली नव्हती. कुंपणाआडून तास बुडवून बसलेली एक जोडी उठली. त्यांच्यामागून प्रयोगवही पुरी न झालेले चौदा जण उठले. मीटिंग चुकवून पहुडलेले गणिताचे प्राध्यापक चपला हातात घेऊन आले, लायब्ररीतल्या बाई विणकामासकट आल्या. तो आवाजच असा होता की "मी यातला नाही" असं म्हणायला कुणी धजेना. सगळे येऊन मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

"यांच्या अंगावर पाला कसा नाही?" ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं.

"हे पाला न बांधताच लपतात सर," मेजरसाहेब म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

"वा. पण एकोणतीस भरतात. एक कमी आहे."

मेजरसाहेब काही बोलणार, एवढ्यात कोपऱ्यातल्या दाट झुडपातून धूर आला. धुरामागून खोकला आला आणि खोकल्यामागून कुलगुरू आले. डॉक्टरांनी आणि बायकोने सिगारेट बंद केल्यापासून ते अधूनमधून असे परगावी जात. एक हात पाठीमागे धरून ते रांगेच्या टोकाला उभे राहिले.

ब्रिगेडियरसाहेबांनी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "वय जरा जास्त वाटतं यांचं."

"शिकायची हौस, सर," कुलगुरूच पुटपुटले.

"वर्ग आवडतो का?"

"आवडतो."

"ऐकू आलं नाही."

"आवडतो सर," कुलगुरू ओरडले आणि पुन्हा खोकले.

"छान. वर्ग चालू राहील, मेजर. पण यांचा दम कमी पडतो. रोज पळवा. पुढच्या महिन्यात मी येऊन याच तीस जणांना पळताना बघणार आहे."

गाडी गेल्यावर कुलगुरूंनी मेजरसाहेबांना बाजूला घेतलं. "हे आमच्या घरी कळायला नको."

"सकाळी सहाला मैदानावर या," मेजरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरं पळायला लागली, तेव्हा कुलगुरू सुटलेली बुटाची नाडी सांभाळत धापा टाकत आले.

"उशीर झालाय," मेजरसाहेब म्हणाले. "एक फेरी जास्त."

"हो सर," म्हणून कुलगुरू गणिताच्या प्राध्यापकांच्या मागोमाग पळायला लागले.