रकाना क्रमांक नऊ

पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो होतो. आमच्या कार्यालयात भरलेला फॉर्म कुठेही जात नाही. कपाटात जातो, फार तर उंदरांकडे. त्या भरवशावर मी रकाना क्रमांक नऊमध्ये 'होय' लिहिलं.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी सेविका पाठवायची सरकारी योजना आमच्याच कार्यालयाकडे होती. मस्तगडला आमच्या घरी गोजरबाई यायची, सकाळ-संध्याकाळ. खुबा मोडल्यापासून आईला पुसणं, कूस बदलणं, लघवीचं भांडं देणं, सगळं तीच करायची. ब्याण्णव साली नवीन परिपत्रक आलं : घरात शुश्रूषा करू शकणारा सक्षम माणूस असेल तर सेविका बंद, सगळ्यांचे फॉर्म नव्याने भरून घ्या. (परिपत्रकाच्या प्रती मीच काढल्या. सुबक.)

माझा फॉर्म भरताना नेमके साहेब मागे उभे.

"काय गिरिधरराव, धडधाकट आहात. आईचं करता ना?"

टायपिस्ट बाईंनी मान वर केली. आता चारचौघांत कुठला मुलगा 'नाही' म्हणेल? मी लिहिलं : मुलगा, सक्षम, होय.

तो फॉर्म चार दिवसांत मंजूर झाला. (माझा बदलीचा अर्ज सात वर्षं पडून आहे.)

सोमवारी गोजरबाई आली नाही. बायको, अरुंधती, वडीगोद्रीच्या शाळेत शिकवते. सकाळी सातच्या एसटीने जाते, संध्याकाळी सातला येते. मी रजा टाकली आणि बाह्या सरसावून आईच्या खोलीत गेलो. आईने गोधडी गळ्यापर्यंत ओढली.

"गोजर कुठंय?"

"योजना बदलली, आई. आता मीच करणार."

"तू? बाहेर हो."

"अगं, पण..."

"बाहेर हो म्हणते ना, गिरू!"

चादर ओढून कूस बदलायची गोजरबाईची युक्ती मी पाहिली होती. (दारातून.) तिसऱ्या दिवशी हिंमत करून ओढली. चादर फाटली आणि मी भांड्यासकट जमिनीवर. आई हसेल असं वाटलं. ती भिंतीकडे तोंड करून तशीच पडून राहिली.

मग तिने चहा बंद केला. पाणी दिलं तर म्हणायची, "तहान न्हाई." मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, नसेल लागत. (सक्षम माणसाचा अंदाज.)

बाराव्या दिवशी संध्याकाळी अरुंधती आईचं अंग पुसत होती, ती एकदम ओरडली. आईच्या पाठीवर रुपयाएवढी जखम झाली होती.

"मला कळलंच नाही गं," मी म्हणालो.

"तुम्हाला कळूच द्यायचं नव्हतं त्यांना. मी येईपर्यंत तुम्हाला हाक मारावी लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत त्या!"

त्या रात्री मला माझीच शरम वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज दिला. नियमाप्रमाणे घरी येऊन चौकशी करायची असते. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मच्छिंद्र फॉर्म घेऊन आला आणि आईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसला.

"कुटुंबीय असमर्थ?"

"होय," मी म्हणालो.

"कारण?"

"जमत नाही, बाबा."

"जमत न्हाई, लिहितो. असमर्थता केव्हापासून?"

मी छताकडे पाहिलं. इतके दिवस भिंतीकडे पाहत पडलेल्या आईने मान वळवली.

"जन्मापासून," ती म्हणाली. "लिहून घ्या बराबर."

आठ दिवसांनी गोजरबाई परत आली. पाठ पाहून म्हणाली, "भरंल साहेब, पण टाइम लागंल." जखम अजून भरलेली नाही. आई आता पेलाभर चहा घेते.

'जन्मापासून' लिहिलेला तो फॉर्म कपाटात आहे, उंदीरसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. तळाशी छापलं आहे, 'वरील मजकुराची मी स्वतः खात्री केली आहे', आणि खाली योजनेच्या लिपिकाची सही लागते. योजनेचा लिपिक मीच. सही मीच केली.