सत्तावीस कपाळांवरचा सूर्य

पाक दार्सोनोंनी निंग्रुमचं चित्र हातात घेतलं आणि आधी वर्गाचं दार बंद आहे ना ते पाहिलं.

चित्र चेहऱ्याचं होतं. एक गाल निळा, एक हिरवा, ओठांच्या जागी चौकोन. तिथवर सगळं ठीक होतं. दोन महिने ते चौथीच्या वर्गाला हेच तर शिकवत होते, की माणूस दिसतो तसा काढायचा नाही, तो समोर आला की आपल्याला कसं वाटतं ते तेलकट खडूंनी रंगवायचं. पण या चेहऱ्याला दोन उंच, टोकदार भुवया होत्या, आणि दोन भुवयांच्या बरोबर मध्ये एक गोल होता.

बोयोलालीच्या त्या शाळेत तशा भुवया, आणि त्यांच्या मधोमध शेंगदाण्याएवढा मस, एकाच व्यक्तीला होता. मुख्याध्यापिका बू सुलास्त्रींना. तिकडे सरांना 'पाक' म्हणतात आणि बाईंना 'बू'. त्या मसाविषयी शाळेत कोणी कधी चकार शब्द काढत नसे. त्यांच्याशी बोलताना सगळे शिक्षक त्यांच्या हनुवटीकडे बघत.

पाक दार्सोनोंची नोकरी दर जूनमध्ये बू सुलास्त्रींच्या सहीने एकेका वर्षापुरती वाढायची. यंदा पत्र अजून आलं नव्हतं. "शनिवारचं प्रदर्शन होऊ दे, मग बघू," असं त्या म्हणाल्या होत्या. प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. आज गुरुवार होता.

"निंग्रुम, हे कोण गं?"

"कोणी नाही, पाक. अमूर्त आहे."

"आणि हा मधला गोल?"

"सूर्य."

"कपाळावर?"

"दोन डोंगर काढले की मध्ये सूर्य येतोच ना, पाक!" भात शिजवायला पाणी लागतं का, असं कोणी विचारावं तशा नजरेनं निंग्रुमने त्यांच्याकडे पाहिलं.

पाक दार्सोनोंनी डोळे मिटले. चूक त्यांचीच होती. तिथलं प्रत्येक पोर हातात खडू धरता येऊ लागला की पहिलं चित्र तेच काढतं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली भातशेतातून येणारा रस्ता. खिडकीबाहेर मेरापी आणि मेरबाबू हे दोन डोंगर शेजारी शेजारी उभे असल्यावर दुसरं काय काढणार? त्यांनी स्वतःही लहानपणी तेच काढलं होतं. आणि मागच्या आठवड्यात मुलांना चेहरा सुरू करायची भीती वाटत होती, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "हात जिकडे आपोआप जातो, तिथून सुरुवात करा."

हात आपोआप डोंगरांकडे गेले होते. डोंगरांच्या भुवया झाल्या, रस्त्याचं नाक झालं. पाक दार्सोनो बाकांमधून फिरले. बागासचा चेहरा गुलाबी होता, कपाळावर सूर्य. पलीकडचा त्रिकोणी होता, कपाळावर सूर्य. सत्तावीस मुलं, सत्तावीस सूर्य.

मुलांना खरं कारण सांगणं शक्यच नव्हतं. मुलांच्या अजून लक्षात आलं नव्हतं. सांगितलं असतं तर मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं असतं. शिवाय अशी गोष्ट पाक दार्सोनोंच्या तोंडून बाहेर पडलीही नसती.

"मुलांनो," ते घसा खाकरून म्हणाले, "चित्रं सुरेख झालीत. आता थोडी सफाई करू. मला वाटतं, सूर्य मावळला तर जास्त छान दिसेल."

मुलांना ते पटलं. सगळ्यांनी सूर्यावर लाल खडू फिरवला. आता ते गोल कोणीतरी सारखं खाजवल्यासारखे दिसू लागले.

"ढग! वर ढग आणा," पाक दार्सोनो घाईघाईने म्हणाले.

करडे ढग भुवयांवर आले आणि सत्तावीस कपाळांना आठ्या पडल्या. सोमवारी झेंडावंदनाला उशिरा येणाऱ्याकडे बू सुलास्त्री अगदी अशाच बघायच्या.

"पाक, खोडरबराने पुसू का?" बागासने विचारलं.

"नको! तेलकट खडू पुसला जात नाही, पसरतो. काडीने खरवड. हलक्या हाताने."

बागासने दात कोरायच्या काडीने खरवडलं. रंगाचा चुरा गोळा होऊन मधोमध उंचवटा तयार झाला. बागासने चित्र लांब धरून पाहिलं. "आता मस्त उठून दिसतोय, पाक!"

शेवटचा उपाय म्हणून पाक दार्सोनोंनी सगळ्यांना जांभळे खडू काढायला लावले. "रात्र झाली. सूर्य गेला. त्याच्यावर जांभळा लावा, आणि मी शिकवलंय तसं बोटाने घोटा."

मुलांनी मन लावून घोटलं. खाली पिवळा, वर लाल, त्यावर जांभळा. तीनही रंग एकमेकांत मुरले आणि सत्तावीस बोटांखालून तपकिरी रंग बाहेर आला. अगदी त्या मसाचाच तपकिरी. पाक दार्सोनो दहा दिवस बसले असते तरी त्यांना तो इतका हुबेहूब जमला नसता.

"पाक," निंग्रुम मान तिरकी करून म्हणाली, "हे कोणासारखं तरी दिसतंय."

"कोणासारखंही दिसत नाही!" पाक दार्सोनो ओरडले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मुलांना त्या दिवशी कळलं. त्यांना स्वतःलाही.

शुक्रवारी त्यांना दोनदा ताप आल्यासारखं वाटलं, पण दोन्ही वेळा अंग थंडगार निघालं. निमंत्रणपत्रिकेवर 'मुलांच्या नजरेतून माणसाचा चेहरा' असं छापून झालं होतं. त्यांनी चित्रं सभागृहातल्या सगळ्यांत अंधाऱ्या भिंतीवर लावली आणि तिथला एक दिवा काढून खिशात घातला.

शनिवारी अध्यक्ष पाक हाजी बासुकी बाटिकचा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "इथे अंधार का?" शिपायाने लगबगीने सगळ्या खिडक्या उघडल्या.

अध्यक्ष हात मागे बांधून पहिल्या चित्रापाशी थांबले. शेजारी बू सुलास्त्री. मागे पाक दार्सोनो, श्वास रोखून.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "मेरापी आणि मेरबाबू."

ते पुढे सरकले. "हे पण मेरापी आणि मेरबाबू." आणखी पुढे. "हेही."

पाक दार्सोनोंचा श्वास सुटला. चेहरे कोणाला दिसतच नव्हते! बू सुलास्त्रींनाही नाही! त्यांना एकदम हलकं वाटलं, पण ते जेमतेम दहाव्या चित्रापर्यंत टिकलं.

"पाक दार्सोनो," अध्यक्ष वळून म्हणाले, "साठ वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच काढत होतो. चेहरे कुठे आहेत?"

बू सुलास्त्रींची हनुवटी ताठ झाली. "पाक," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "दोन महिने तुम्ही डोंगरच काढून घेतलेत?"

नोकरीचं पत्र पाक दार्सोनोंच्या डोळ्यांसमोरून उडून जाऊ लागलं. "चेहरेच आहेत, बू! म्हणजे... हा रस्ता, ते नाक."

"नाक?" अध्यक्ष वाकले. "आणि डोंगर?"

"भु... भुवया."

"अच्छा! आणि मधलं हे तपकिरी काय?"

पाक दार्सोनोंनी बू सुलास्त्रींच्या हनुवटीकडे पाहिलं.

"ते," पाक दार्सोनो म्हणाले, "अमूर्त आहे."

तेवढ्यात फोटो काढणारा म्हणाला, "बू, जरा चित्राशेजारी उभ्या राहा ना. हां, इकडे बघा." बू सुलास्त्री निंग्रुमच्या चित्राशेजारी उभ्या राहिल्या आणि फोटोसाठी त्यांनी भुवया उंचावल्या.

अध्यक्षांनी चित्राकडे पाहिलं. मग बू सुलास्त्रींकडे. मग परत चित्राकडे. मग सगळ्या भिंतीवरून त्यांची नजर फिरली.

"अहो, सगळे तुम्हीच आहात की!" त्यांचा आवाज भरून आला. "कोणालाही काढा म्हटलं, तर पोरांनी आपल्या मुख्याध्यापिका काढल्या! बू सुलास्त्री, मी पुष्कळ शाळा पाहिल्या. एवढी माया नाही पाहिली."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. शिक्षकांनी हनुवटीकडे बघत वाजवल्या. बू सुलास्त्रींचा हात हळूहळू कपाळाकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "हो," त्या म्हणाल्या. "मुलं गुणी आहेत."

दुपारी त्यांनी पाक दार्सोनोंना कचेरीत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला.

"रंग अगदी बरोबर जमलाय," मग त्या म्हणाल्या.

"हो, बू. म्हणजे नाही, बू."

"पुढच्या वर्षी मात्र निसर्गचित्रं शिकवा."

रविवारभर पाक दार्सोनो ही दोन वाक्यं घोळवत बसले. पहिल्या वाक्यात राग किती आणि कौतुक किती, याचा हिशेब काही लागेना. सोमवारी सकाळी बुटांची नाडी बांधताना ते एकदम ताठ बसले. पुढच्या वर्षी! त्या 'पुढच्या वर्षी' म्हणाल्या होत्या! पत्र बुधवारी आलं.

जुलैत नवा वर्ग सुरू झाला. पाक दार्सोनो निर्धास्तपणे म्हणाले, "मुलांनो, चेहरे वगैरे काही नाही. खिडकीतून दिसतं ते काढा."

एकोणतीस माना खाली गेल्या. पंधरा मिनिटांनी ते बाकांमधून फिरायला निघाले. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली रस्ता. पुढच्या बाकावर तेच. त्याच्या मागे तेच. एकोणतीस बू सुलास्त्री त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

पाक दार्सोनोंनी हळूच सगळ्या डब्यांतले जांभळे खडू गोळा करायला सुरुवात केली.