चंदर मास्टरांच्या चित्रपटात मी मेलो त्याची गोष्ट

मरण्याच्या बाबतीत सातपुरात माझा हात धरणारा कोणी नव्हता! कामगार नाट्यस्पर्धेत मी दरवर्षी मरायचो. विष पिऊन, गोळी खाऊन, एकदा तर नुसता अपमान सहन न होऊन! त्यामुळे एक्याऐंशी साली चंदर मास्टर आमच्या कारखान्याच्या गेटवर शूटिंगला आले आणि त्यांच्या असिस्टंटने विचारलं, "इथे नीट मरता कोणाला येतं?" तेव्हा अख्ख्या लेथ सेक्शनने माझ्याकडे बोट दाखवलं.

चंदर मास्टर मूळचे डान्स मास्टर. हिरॉइनींना नाचवता नाचवता दिग्दर्शक झाले. त्यांचे सगळे चित्रपट आम्ही पाहिलेले. त्यांत न्यायाधीश फाशी सुनावतानाही कंबर लचकवायचे. डॉक्टर नाडी बघायचा तीसुद्धा तबला वाजवल्यासारखी! गोष्ट काय होती ते थिएटरबाहेर आल्यावर कोणालाच सांगता यायचं नाही, पण घरी पोचेपर्यंत पाय थांबायचे नाहीत.

या वेळी सीन होता संपाचा. कामगार नाचत गेटवर येणार, पोलीस नाचत लाठ्या चालवणार, आणि म्हातारा कामगार, म्हणजे मी, मरणार. मी घरी जाहीर केलं, "सगळा चित्रपट माझ्या मरणावर उभा आहे!" आमच्या मैनाने ते लगेच देवळ्याला माहेरी कळवलं. झालं! शूटिंगच्या दिवशी माझे सासरे, पुंजामामा, कांदे मार्केटात उतरवून त्याच टेम्पोत गावची पाहुणेमंडळी भरून हजर!

मास्टरांनी मला समोर उभं केलं. "फाईव्ह, सिक्स, सेव्हन, एट! छाती, गिरकी, गुडघा, खलास! समजलं?"

"मास्टर, पण मरताना ह्या माणसाच्या मनात काय चाललंय?"

"मनात? मनात वन, टू, थ्री, फोर!"

माझं डोकंच चालेना. नाटकात मी मरायला निवांत वेळ घ्यायचो. मुलाबाळांना निरोप द्यायचो, पाणी मागायचो. इथे पाणी मागायला एक मात्रासुद्धा नव्हती! पहिल्या टेकला सगळे डावीकडे वळले, मी उजवीकडे. दोन हवालदार आडवे झाले. दुसऱ्या टेकला मी गिरकी जरा मनापासून घेतली आणि थेट गेटबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन मेलो.

मास्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "बाबा रे, आता पडलास की पडून राहा! मी कट म्हणेपर्यंत पापणी हलवायची नाही!"

मग त्यांनी धूर सोडायला लावला. छाती, गिरकी, गुडघा, खलास! जमलं! मी डोळे मिटले, आणि नेमका शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. शिफ्ट सुटली.

यापुढचं मी फक्त कानांनी पाहिलं.

धुरात कॅमेरा कोणाला दिसला नाही, हे मला मागाहून कळलं. दिसले ते लाठ्या घेतलेले पोलीस आणि जमिनीवर पडलेला मी. "अरे, सावळीरामला मारला रे!" कोणीतरी बोंबललं. धडाधड सायकली पडल्या. "कामगार एकजुटीचा विजय असो!" मी मनात म्हटलं, वा! काय तयारी केलीय मास्टरांनी!

"अहो, मारू नका! आम्ही खोटे पोलीस आहोत!" एक हवालदार केविलवाणा ओरडला.

"खोटे? म्हणजे मालकाचे गुंड! हाणा!"

मास्टर स्टुलावर चढून आनंदाने किंचाळत होते, "लाजवाब! डावीकडचे, जरा कमरेतून! फाईव्ह, सिक्स!" कटचं नाव नाही. आमच्या सेक्शनचा सोमा बिचारा "शूटिंग आहे, शूटिंग!" म्हणून ओरडत होता. पण लोकांना ऐकू गेलं फक्त 'शूट'! गोळीबार झाला म्हणून निम्मे पळाले, उरलेल्यांनी मला खांद्यावर घेतलं. "सावळीराम अमर रहे!"

मी चक्रावलो. माझी अंत्ययात्रासुद्धा आहे? मला कोणी सांगितलं कसं नाही?

तेवढ्यात जीपमधून खरे पोलीस आले. खऱ्या इन्स्पेक्टरने खोट्याची कॉलर धरली. "कोणत्या ठाण्याचे तुम्ही?"

"ठाण्याचे नाही साहेब, दादरचे!"

आणि तेवढ्यात मला मैनाचा आवाज ऐकू आला. "अहो! अहो, डोळे उघडा ना!" ती मला गदागदा हलवत होती. मी ढिम्म. पुंजामामा ओरडत होते, "पाणी आना रे कोनी! पोरीचं कुंकू गेलं!" मैनाने जो हंबरडा फोडला, तो ऐकून माझ्या पोटात दुखायलाच लागलं. काय तो आवाज! काय ते मधेच अडखळणं! आमच्या तालमीला कधी फिरकली नाही, आणि इथे माझाच सीन खाऊन टाकतेय!

मला राहवेना. ओठ न हलवता मी पुटपुटलो, "मैना, तुला पार्ट कधी दिला?"

ती अशी किंचाळली की खांदेकऱ्यांनी मला सोडूनच दिलं. मी धपकन खाली! मैनाने जेवणाचा डबाच माझ्या पाठीत हाणला.

"जिवंत असून पडून राहिलात?"

"अगं, मास्टरांनी कट कुठे म्हटलं?"

 ती मटकन धुळीत बसली. तिचं रडं काही थांबेना. ती अभिनय करत नव्हती, हे माझ्या डोक्यात तेव्हा कुठे शिरलं. तिच्याशेजारी बसून मी "मैना, मैना" एवढंच म्हणत राहिलो.

"कट!" मास्टर ओरडले. "एकदम ओरिजिनल!"

खऱ्या पोलिसांनी सगळ्यांना झापलं, खोट्यांना मलम दिलं आणि सोडलं. मैनाने आठवडाभर मला डबा दिला नाही.

वर्षभराने चित्रपट लागला. मी सगळा सेक्शन घेऊन गेलो. पुंजामामांचा टेम्पोही आला. आमचा सीन सुरू झाला. मास्टरांनी काही कापलं नव्हतं, सगळ्यावर गाणं चढवलं होतं! पडदाभर मैनाचा चेहरा. थिएटरातल्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मागे सोमा. कडेला दोन्ही हात वर केलेले पुंजामामा. त्यांच्या गावकऱ्यांनी शिट्ट्या मारल्या! कॅमेरा खाली ठेवलेला. त्यामुळे खांद्यांवरून माझ्या पायांचे दोन तळवे तेवढे सरकत गेले.

पुंजामामा माझ्या कानाशी वाकले. "जावईबापू, पिच्चर लय भारी हाय. पन तुम्ही कधी येनार?"

"मामा," मी म्हटलं, "मी आत्ताच गेलो."